श्लोकात न बसलेली डोकेदुखी

॥ श्री ॥
वरची वाडी, उमरठजवळ
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

चि. प्रयाग हिस,
दादाचे अ. उ. आ.

इकडे सर्व खुशाल. तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतो, पण ती त्याच्याहून जास्त कुरकुरते, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे. पांगारा फुलला आहे. शाळेच्या मागच्या उतारावर तो असा पेटला की मी तिसरीच्या पोरांना पाढे सोडून बाहेर आणत असे आणि कविता म्हणायला लावत असे, ते तुला आठवत असेल. आता शाळेत सहा पोरं आहेत आणि पांगारा एकट्यासाठीच फुलतो.

पत्र अशासाठी, की आपल्या अनुपमाला, प्रवीणच्या लेकीला, सातवा लागतो आहे. प्रवीणचा मुंबईहून निरोप आला, की पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. माझ्या लेकाने माझ्या मनातलं बोलण्याची ही दुसरी वेळ. पुढच्या सोमवारी, दहाला, धोंडूच्या दुधाच्या गाडीतून अनु वर येईल. सून शर्मिला इथेच असते, म्हणजे लेकीचं करायला तिचीही सोय होईल. गाडीत कॅनच्या बाजूला गादी टाकायला मी धोंडूला सांगितलं आहे.

तिची फाईल मागच्या आठवड्यात ऋत्विक दाखवायला घेऊन आला होता. नातजावई गुणी आहे, पण फाईल कसली कोरडी. ईडीडी, एचबी, एएनसी, पी म्हणजे पी काय, कोणाला ठाऊक. एका नव्या जिवाच्या येण्याची ही काय भाषा झाली? मी दोन दुपारी बसून तिचं मराठी केलं. ईडीडी म्हणजे आगमनतिथी. सोनोग्राफी म्हणजे ध्वनिदर्शन. सिझर म्हणजे उदरद्वार. रक्त कमी असणे, ह्याला मी चंद्रगौरता म्हटलं आहे. आशा सेविका ज्योतीने ते पाहिलं आणि म्हणाली की गुरुजी, बायकांना फाईलमधलं कायपण कळत नाय, तुम्ही हे सगळं गाण्यात बसवा, मी अंगणवाडीत लावते. आता मी कामाला लागलो आहे. अडतीस वर्षं तू सुया टोचल्यास, तुझं ज्ञान मला पाठव. मी त्याला चाल लावतो.

टेपाच्या टेकाडावर चढल्याशिवाय इकडे फोनची रेंज नाही, हे माझं सुख तुला माहीतच आहे. धोंडू सकाळी खाली येतो, दुपारी वर येतो. त्याच्या हाती लिहीत जा.

तुझा
दादा

•

महाड, काकरतळे
गुरुवार, ६ फेब्रुवारी

ति. दादा यांस,
बालके प्रयागचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुधाचा वास घेऊन पोचलं. वाचून मी आधी हसले, मग फाईल मागवून पाहिली, मग हसू थांबलं.

अनुचं हिमोग्लोबिन आठ पॉइंट सहा आहे. ह्याला चंद्रगौरता म्हणत नाहीत, रक्तक्षय म्हणतात, आणि त्यावर लोखंडाच्या गोळ्या देतात, चांदणं नाही. दुसरं, मागच्या तपासणीला तिचं बीपी १३४ वर ८८ होतं. अजून काठावर आहे, पण काठावरच्या माणसाला डोंगरावर चढवत नाहीत. तिला इथेच राहू दे. ऋत्विकची खोली माझ्या घरापासून पाच मिनिटांवर आहे, दवाखाना तिथून दहा मिनिटांवर. वाडीवरून दवाखाना दीड तासावर, तोही धोंडूची गाडी मिळाली तर.

पहिलं माहेरी ही रीत मलाही माहीत आहे. ज्या काळात ती पडली तेव्हा सासरी सुनेला कोणी बसू देत नसे, म्हणून पोरीला चार दिवस आईकडे पाठवत. आता अनु सासरीही नाही. तिची सासू तुडीलला, ही महाडला, आणि भाकऱ्या ऋत्विक भाजतो. मग विश्रांती नक्की कोणापासून द्यायची आहे?

गोळ्या दुधासोबत घेऊ नयेत, लिंबासोबत घ्याव्यात, हे वहिनीला सांग. ती दुधातच देणार, मला माहीत आहे.

माया राहू दे, हट्ट सोड.
प्रयाग

•

वरची वाडी
रविवार, १६ फेब्रुवारी

चि. प्रयाग हिस,
अ. उ. आ.

धोंडूने तुझं पत्र अनुला गाडीतून उतरवल्यावर खिशातून काढून दिलं, म्हणजे पत्राच्या आधी अनु पोचली होती. आता दारात आलेल्या लेकीला परत कसं पाठवायचं. ती उतरली तेव्हा वाऱ्याने पदर उडाला, मागे काटेसावरीचं लाल झाड, पोट पुढे आलेलं. मला वाटलं, साक्षात वसंत ऋतू दूधगाडीतून उतरला. मी ते बोलूनही दाखवलं. ती म्हणाली की आप्पा, मला आधी बसू द्या.

काल डोहाळजेवण झालं. हिरवी साडी, फुलांच्या वेण्या, झोपाळा. साळूबाईने एकामागून एक जुनी गाणी म्हटली. साळूबाईने आमच्या प्रवीणसह वाडीतली निम्मी माणसं जगात आणली आहेत, त्यामुळे तिच्यापुढे कोणी बोलत नाही. तिचं म्हणणं असं की आमच्या टायमाला बीपी नव्हतं, हे सगळं मशीन आल्यापासनं आलं. हे म्हणताना तिने डोक्याला बाम लावला होता, पण असो.

शर्मिलाचा आनंद पाहवत नाही इतका आहे. अनुला ती दिवसातून सहा वेळा खायला देते आणि सात वेळा दृष्ट काढते. सिस्टर उपकेंद्रातून दर गुरुवारी येते आणि बीपी तपासते. ह्या गुरुवारी १३२ होतं. म्हणजे माहेरी येऊन दोनाने उतरलं. हे मी मुद्दाम लिहितो.

माझं काम जोरात आहे. चीक दुधावर एक छान जमलं. आपल्याकडे गाय व्याली की पहिल्या चिकाचा खरवस करून गावभर वाटतात, आणि बाई बाळंत झाली की तिचा पहिला चीक पिळून भिंतीवर. ह्या विसंगतीवर मी चार ओळी केल्या. ज्योती हसली, साळूबाई रुसली. पण धोक्याच्या लक्षणांवर ज्योतीला एक श्लोक हवा आहे, तोंडपाठ होईल असा. ती यादी तू दे. वृत्त मी ठरवलं आहे, भुजंगप्रयात. लहानपणी संध्याकाळी परवचा म्हणायचो तीच चाल. झोपेतही विसरत नाही माणूस.

वहिनी गोळी दुधातच देते. तुझा अंदाज बरोबर.

जीव लावतेस तसाच लावत राहा.
दादा

•

महाड
गुरुवार, २० फेब्रुवारी

ति. दादा यांस,
शि. सा. न. वि. वि.

दोनाने उतरलं म्हणून नाचू नकोस. मशीनचा पट्टा घट्ट-सैल झाला तरी तेवढा फरक पडतो.

यादी देते. कोणत्याही गरोदर बाईला ह्यातलं एकही दिसलं तर वाट न बघता दवाखाना.

अंगावरून रक्त जाणं. ताप. बाळाची हालचाल कमी होणं. पाणी जाणं. जोराची डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमचम. हातांवर, तोंडावर सूज.

सहा आहेत. सगळी सारख्या तोलाची आहेत. पण अनुच्या बाबतीत शेवटच्या दोनांवर जास्त डोळा ठेव, कारण तिचं बीपी काठावर आहे. ते वाढून बसलं तर त्याला प्री-एक्लॅम्पसिया म्हणतात. ह्या शब्दाचं मराठी करू नकोस, कृपा कर. तो जसा वाईट आहे तसाच राहू दे.

मी नोकरीत होते तेव्हा डोंगरावरच्या दोन बायका ह्यात गेल्या. दोघींच्या घरचे म्हणाले होते की नुसतं डोकं दुखतंय, त्यासाठी काय खाली उतरायचं. मी तुला भीती घालत नाही. नाही, घालते आहे.

सांभाळून असा.
प्रयाग

•

वरची वाडी
रविवार, ९ मार्च

चि. प्रयाग हिस,
अ. उ. आ.

तुझा भाऊ काल सत्कारमूर्ती झाला. महिला दिन होता. अंगणवाडीसमोर मांडव, सरपंच जितेश, ग्रामसेवक, तालुक्याहून एक साहेब. महिला दिनाला शाल-श्रीफळ एका पुरुषाला, ह्यावर तू बोलणार हे ठाऊक आहे, पण बाकी सगळ्या बायका पोळ्या लाटण्यात गुंतल्या होत्या.

श्लोक ऐक. नको, मोठ्याने म्हण.

जरी रक्त जाई, जरी ताप येई,
जरी बाळ पोटातले स्तब्ध होई,
जरी पाणमोटेतले नीर वाहे,
दवाखानियाची तिची वाट आहे.

‘दवाखानियाची’ ह्यातला ‘या’ पाहिलास? तो एक जुना दागिना मी आजोळच्या पेटीतून काढावा तसा काढला. साहेबांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले की हा नवोपक्रम आहे, वर कळवतो. श्लोकाला प्लास्टिकचं आवरण घालून तो भिंतीवर ठोकला आहे. पावसातही खराब होणार नाही.

आणि काय सांगू, वाडी नुसती म्हणते आहे. शाळेत प्रार्थनेनंतर म्हणतात. बनुबाई, तुझी वहिनी, जिने पन्नास वर्षांत माझी एक ओळ ऐकून घेतली नाही, ती भांडी घासताना म्हणते. खालच्या वाडीची सरिता, तिलाही पाचवा आहे, ती चार-चौघींना शिकवते. कोणाला काही झालं की आधी श्लोक म्हणून बघतात. शर्मिलाच्या बोटाला विळी लागली तेव्हा तिनेही म्हणून पाहिला आणि रक्त ह्या शब्दाशी येऊन थांबली.

अनुची प्रकृती छान. चेहरा भरला आहे, गाल वर आले आहेत. अंगठी घट्ट होते म्हणून काढून ठेवली. माहेरचं पाणी मानवलं म्हणायचं.

तुझ्या कौतुकाच्या दोन ओळी आल्या तर जपून ठेवीन.
दादा

•

महाड
मंगळवार, ११ मार्च

ति. दादा यांस,
शि. सा. न. वि. वि.

कौतुक नंतर. मी सहा लक्षणं पाठवली होती, श्लोकात चार आहेत. उरलेली दोन कुठे गेली?

आणि भरलेला चेहरा, घट्ट अंगठी ही माहेरची माया नव्हे, सूज आहे. यादीत सहावी होती. अनुला लगेच उपकेंद्रात ने आणि बीपी बघून मला आकडा कळव. गुरुवारी होळी आहे, सिस्टर येईल असं धरून चालू नकोस.

‘वाट आहे’ हे पण मला पटलं नाही. वाट पायाखालची असते, माणूस बसून राहिलं तरी ती असते. ‘निघा’ असं म्हण.

शिमग्यामुळे धोंडू म्हणतो तीन दिवस गाडी बंद. म्हणून हे आजच त्याच्या हातात देते आहे. त्याने खिशात विसरलं तर त्याचं काय करायचं ते मी बघेन.

प्रयाग

•

वरची वाडी
शनिवार, १५ मार्च, दुपार

चि. प्रयाग हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आज मिळालं. धोंडू खिशातच विसरला होता. पालखी नाचवताना सापडलं म्हणतो.

तू रागावलीस, पण माझी अडचण समजून घे. ‘अंधारी’ हा शब्द बघ. तिन्ही अक्षरं गुरू. भुजंगप्रयातात लघूमागे दोन गुरू, पुन्हा लघू. तीन गुरू सलग येण्याची सोयच नाही. डोकेदुखी एकटी बसली असती, पण तू दोघींना एका ओळीत लिहिलं होतंस, जोडीने आलेल्यांना तोडणं मला बरं वाटेना. आणि सूज हा शब्दच असा, की तो आला की चरण बेढब दिसतो. शिवाय चार ओळी भरल्या होत्या. पाच ओळींचा श्लोक कोणी ऐकला आहे? म्हणून त्या दोन लक्षणांना मी रजा दिली. चार पाठ होणं हे सहा विसरण्याहून बरं, असा विचार केला.

शिमगा मात्र असा झाला की काय सांगू. पालखी आपल्या दारात आली, ढोल, खालूबाजा, गुलाल. मी लहान झालो. आपण दोघं बाबांच्या खांद्यावर बसून पालखी बघत होतो, तू माझ्या टोपीत खोबरं लपवलं होतंस, ते सगळं परत आलं. सिस्टर गुरुवारी आली नाही. सणाला कोण येतं. उपकेंद्राला कुलूप आहे, सोमवारी बघू.

अनु पालखीला बाहेर आली होती. ढोलाने तिचं डोकं धरलं आहे, कालपासून सोडलं नाही. शर्मिलाने श्लोक म्हणून पाहिला. त्यात काही नाही, तेव्हा काळजी नाही. साळूबाई म्हणाली की ऊन लागलंय, कांदा बांधा. आज दुपारी मी अनुजवळ बसलो होतो. ती भिंतीकडे बघत होती. मी विचारलं काय बघतेस, तर म्हणाली की आप्पा, भरदुपारी काजवे दिसतायत, चमकतात आणि विझतात. प्रयाग, भरदुपारी काजवे. माझ्या साठ वर्षांच्या वाचनात ही प्रतिमा नाही. पोरीच्या रक्तातच कविता आहे. मी लगेच वहीत टिपून घेतली.

धोंडू उद्या पहाटे दूध घेऊन उतरेल, त्याच्या हाती हे देतो.

राग विसर, ये एकदा शिमग्याची उरलेली पुरणपोळी खायला.
दादा

•

महाड
रविवार, १६ मार्च, सकाळी साडेसात

दादा,

मी अँब्युलन्स बोलावली आहे आणि तिच्यात बसून येते आहे. धोंडूला दूध न उतरवता आत्ता परत पाठवते, म्हणजे ही चिठ्ठी आमच्या आधी येईल. अनुला डाव्या कुशीवर निजव. काही खायला देऊ नका. ओटी, दृष्ट, पिशवी, मुहूर्त काही करू नका. ती एकटी राहता कामा नये. प्रवीणला मी इथूनच फोन केला आहे, तो वीर स्टेशनला उतरून रिक्षाने सरळ महाडला येईल.

ते काजवे नाहीत.

प्रयाग

•

महाड
बुधवार, १९ मार्च

ति. दादा यांस,
शि. सा. न. वि. वि.

प्रवीणने तुला टेपावरच्या फोनवर सांगितलं असेल, दोघी वाचल्या आहेत. तेवढ्यावर तुझी झोप झाली असेल, म्हणून बाकीचं लिहिते.

वाडीवर बीपी १८० वर १२० होतं. पोलादपूरच्या अलीकडे गाडीतच अनुला झटका आला. डोळे वर, दात घट्ट, सगळं अंग ताठ. शर्मिलाने पायातली चप्पल काढून तिच्या नाकाशी धरली. मी ती खिडकीतून बाहेर फेकली, त्यामुळे तुझी सून दवाखान्यात एका चपलेने आली. मी अनुला कुशीवर धरून ठेवलं, तोंडात काही घातलं नाही, कोणाला घालू दिलं नाही. पोलादपूरला इंजेक्शन दिलं, मग महाड, मग सिझर. हो, तुझं उदरद्वार. चौतिसावा आठवडा पुरा व्हायचा होता. मुलगी झाली. सोळाशे ग्रॅम. आपल्याकडच्या भाकरीच्या पिठाच्या दोन किलोच्या पिशवीहून कमी.

अनु दोन दिवस शुद्धीत नव्हती. काल दुपारी तिने डोळे उघडले आणि बाळाचं नाही, आधी विचारलं की डोकं खरंच दुखत होतं ना? मी म्हटलं, हो गो, खरंच दुखत होतं. मग झोपली. हे तिने का विचारलं ते मला अजून कळलं नाही.

बाळ काचेच्या पेटीत आहे. दिवसातून काही तास कांगारू पद्धत, म्हणजे उघड्या छातीवर बाळ ठेवून वर कपडा गुंडाळायचा. आई निजलेली, म्हणून ऋत्विक बसतो. तुडीलहून त्याची आई आली, तिने लेकाला सदरा काढून बाळ छातीला धरलेलं पाहिलं आणि तोंडावर पदर घेऊन बाहेर जाऊन बसली. पुरुषाने असं करणं बघवत नाय म्हणाली. मुलगी मात्र त्याच्या छातीवर पहिल्यांदा गुलाबी झाली.

तुझ्या पत्राने तिला वाचवलं, हे डॉक्टरांना सांगावं लागलं. तुझ्या श्लोकाने काय केलं, ते मी सांगितलं नाही. ते तू ठरव कोणाला सांगायचं.

अजून खाली येऊ नकोस. इथे बसायला जागा नाही, आणि तुला रडताना बघायला मला वेळ नाही.

प्रयाग

•

वरची वाडी
सोमवार, २४ मार्च

चि. प्रयाग हिस,
अ. उ. आ.

मी अंगणवाडीत गेलो होतो. श्लोक काढायला. ज्योती रडली, पण तिने खुर्ची आणून दिली. मी खिळ्याला हात लावला तोवर सरपंच आले.

जितेशचं म्हणणं असं, की गुरुजी, हा नवोपक्रम वर गेलाय, फोटोसकट. तपासणी समिती एप्रिलमध्ये येणार. भिंत मोकळी दिसली तर मी काय दाखवू? मी म्हटलं, त्यात दोन लक्षणं नाहीत. ते म्हणाले की चार तर आहेत ना, सत्तर टक्के काम झालंय. मी गणित शिकवलं आहे त्याला. चौथीत.

मग साळूबाई आली. तिचं म्हणणं, श्लोक चुकायचा नाय, अनुने पालखीसमोर पाय दुमडून बसायला हवं होतं. वाडीतल्या बायकांनी मान हलवली. प्रयाग, माझा शब्द आयुष्यात पहिल्यांदा कोणी इतका धरून ठेवला, आणि मी तो सोडवायला गेलो तर कोणी सोडत नाही. मी एक दुरुस्तीचा श्लोक करून पाहिला. तीन ओळी झाल्या आणि मी वही मिटली. पुन्हा ‘अंधारी’शीच अडलो होतो आणि तिच्याऐवजी दुसरा शब्द शोधत होतो.

वहीत भरदुपारचे काजवे लिहिले आहेत. ते पान मी फाडलं नाही. फाडलं तर विसरेन.

अनुची खुशाली एका ओळीत तरी कळव.
दादा

•

महाड
शनिवार, १२ एप्रिल

ति. आप्पा यांस,
अनुपमाचा सा. न. वि. वि.

आत्याआजी म्हणाली की आता बसून लिहिता येतं तर तूच लिही, मी कोणाची टपालवाली नाही. म्हणून लिहिते.

बाळ आता दोन किलो पन्नास ग्रॅम. कावीळ झाली होती, तीन दिवस निळ्या दिव्याखाली होती, डोळ्यांवर इवलीशी पट्टी बांधून. आता उतरली. दूध ओढते. पहिल्या दिवसांचा चीक आत्याआजीने थेंब थेंब वाटीत काढून नळीने पाजला, एक थेंब भिंतीवर गेला नाही. माझं बीपी अजून गोळीवर आहे. हिमोग्लोबिन नऊ. आई आता गोळी लिंबासोबत देते, आणि ही कल्पना तिचीच असल्याचं सगळ्यांना सांगते. बाबा वीरहून परत मुंबईला गेले. ऋत्विक कामावर जायच्या आधी बाळाला छातीवर घेतो. सासूबाई आता तोंडावर पदर घेत नाहीत, फक्त दार लावून घेतात.

बारसं वाडीला करायचं की तुडीलला, ह्यावर दोन्हीकडून निरोप येतायत. मला अजून कोणी विचारलेलं नाही.

आप्पा, एक सांगायचं होतं. तुम्ही आत्याआजीला लिहिलंत की आईने श्लोक म्हणून पाहिला आणि त्यात डोकेदुखी नव्हती. ते खरं आहे. पण आईच्या आधी मी म्हणून पाहिला होता. शुक्रवारी पालखी गेल्यावर, मनातल्या मनात, दोनदा. तुमचा श्लोक होता, म्हणून त्यात सगळं असणार असं मी धरलं. डोकं फुटत होतं आणि मला वाटलं की मीच लाडावलेय, माहेरी आहे म्हणून नाटक करतेय. म्हणून मी जोरात बोलले नाही. काजव्यांचं पण हळूच सांगितलं.

तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. पण कोणाला तरी सांगायचं होतं, आणि ह्यात तुमच्याशिवाय कोण.

आजीला नमस्कार. गुडघ्याला शेक द्या म्हणावं.
अनु

•

वरची वाडी
शुक्रवार, १८ एप्रिल

चि. सौ. अनुपमा हिस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. पाच वेळा वाचलं.

तुझ्या लग्नापासून तुझ्याविषयी मी कितीतरी पत्रं लिहिली. प्रयागला, प्रवीणला, तुडीलच्या व्याह्यांना. आज मोजायला बसलो तर तुला लिहिलेलं हे पहिलं.

मी काय केलं ते सांगतो. श्लोक भिंतीवर आहे, समिती पुढच्या महिन्यावर गेली. त्याला हात लावता येत नाही, म्हणून मी घरोघर गेलो. वाडीत एकतीस उंबरे आहेत, खालच्या वाडीत एकोणीस. प्रत्येक दारात उभं राहून म्हटलं, की माझ्या श्लोकात दोन गोष्टी राहिल्या. जोराने डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, चमकलं, तोंड-हात सुजले, तर निघायचं. त्या दोन गोष्टी मी विसरलो नव्हतो, माझ्या वृत्तात बसेनात म्हणून मी काढल्या, आणि त्यामुळे माझी नात मरता मरता राहिली. हे शेवटचं वाक्य पहिल्या तीन घरी मला म्हणता आलं नाही. चौथ्या घरापासून आलं. मग मी पहिल्या तीन घरी परत गेलो.

लोक काय म्हणाले? चहा दिला. काहींना वाटलं की म्हातारा भ्रमला, शाल मिळाल्यापासनं असं झालंय. साळूबाईने दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती स्वतः आली आणि विचारलं, की तिच्या हातून गेलेली एक, खालच्या वाडीची, तिचंपण डोकं दुखत होतं, तर ते हेच का. मी म्हटलं, मला माहीत नाही, प्रयागला विचारतो. ती बराच वेळ ओट्यावर बसली.

परवा सरिता आली. तिचं डोकं दुखत होतं. मी तिला धोंडूच्या गाडीत कॅनच्या बाजूला बसवलं आणि स्वतः महाडला घेऊन गेलो. बीपी ११० वर ७०. डॉक्टर म्हणाले काही नाही, हिला चष्मा लागतोय. सरिता चष्मा लावून परत आली आणि सगळी वाडी हसते आहे. मला डोकेदुखी गुरुजी म्हणतात. जितेश म्हणाला, गुरुजी, साध्या चष्म्यासाठी तुम्ही इतकं दूध नासवलंत. पुढच्या वेळीही नासवीन म्हटलं. धोंडूने तेवढं ऐकून घेतलं, तोंड मात्र वाकडं केलं.

तू दवाखान्यात होतीस तेव्हा मी एकदा आलो, पण तुझ्या खोलीकडे आलो नाही. मुलीला काचेतून पाहिलं. तिच्याविषयी मला काहीतरी सुचलं, ते मी लिहिलं नाही.

बारसं कुठे करायचं ते तू सांग. तू म्हणशील तिथे आम्ही येऊ. करायचंच नसेल तर तसंही सांग, घरच्यांना मी बघतो.

आणि अनु, तू इस्पितळात प्रयागला विचारलंस ते तिने मला लिहिलं होतं. तेव्हा कळलं नव्हतं, आता कळलं. म्हणून विचारतो, आणि दुसऱ्या कोणाला विचारून उत्तर देऊ नकोस, श्लोक आठवून बघू नकोस, कशात बसतं का पाहू नकोस.

आज डोकं दुखतंय का?

एका शब्दाचं उत्तर पुरे. धोंडू थांबला आहे.

आप्पा